ताण-चाचणी कशी करावी आणि तिचा आलेख कसा वाचावा

कारखान्यात एखादा गज ‘मजबूत’ आहे असे कोणी म्हणते, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात चारपैकी कोणती तरी एक गोष्ट असते: तो भाराखाली फारसा लांबत किंवा वाकत नाही, तो कायमचा वाकडा होत नाही, तो तुटत नाही, किंवा तुटण्यापूर्वी बराच ताणला जातो. या चारही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या आहेत आणि एक चांगली असली म्हणजे दुसरी चांगली असेलच असे नाही. काच सहज लांबत नाही, पण लांबण्याआधीच तुटते. शुद्ध तांबे सहज वाकते, पण तुटायला फार वेळ घेते. पदार्थाचे हे गुण एकमेकांपासून सुटे करून आकड्यांत मांडण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ताण-चाचणी. आयटीआय किंवा डिप्लोमा करून नुकतेच गुणवत्ता विभागात रुजू झालेल्यांसाठी ही चाचणी प्रत्यक्ष कशी करावी आणि तिच्या आलेखातून नेमके काय वाचावे, ते येथे मऊ पोलादाच्या, म्हणजे एमएसच्या, एका नमुन्याच्या आधाराने मांडले आहे. पुढील आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण एमएसच्या बाबतीत ते नेहमी दिसणाऱ्या मर्यादेतलेच आहेत.

आधी तीन राशी नीट समजून घ्याव्यात

यंत्र मोजते तो भार, आणि तो किलोन्यूटनमध्ये येतो. पण भारावरून पदार्थाविषयी काहीच कळत नाही, कारण जाड गज जास्त भार घेणारच. म्हणून भाराला नमुन्याच्या मूळ काटछेदाच्या क्षेत्रफळाने भागतात आणि येणाऱ्या राशीला प्रतिबल म्हणतात. कारखान्यात सगळे तिला स्ट्रेसच म्हणतात. न्यूटन भागिले चौरस मिलिमीटर केले की उत्तर थेट मेगापास्कलमध्ये मिळते. तसेच, लांबीत झालेल्या वाढीला मूळ लांबीने भागले की विकृती, म्हणजे स्ट्रेन, मिळते आणि तिला एकक नसते. हे दोन भागाकार केले की नमुन्याचा आकार हिशेबातून निघून जातो आणि मागे उरतो तो पदार्थाचा स्वभाव. रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली स्प्रिंगांवरील प्रयोगांतून भार आणि लांबण यांचे सरळ प्रमाण मांडले होते. त्या नियमाला नमुन्याच्या आकारापासून मोकळे करणारी हीच पायरी आहे.

नमुना तयार करणे आणि मोजणे

भारतात धातूंच्या ताण-चाचणीसाठी आयएस १६०८ हे मानक वापरतात. गोल नमुना लेथवर कातून घेताना मधला भाग एकसारख्या व्यासाचा ठेवतात आणि दोन्ही टोके पकडीसाठी जाड ठेवतात. जाड भागातून बारीक भागात येताना कोपरा टोकदार राहता कामा नये. तेथे गोलाई द्यावी, नाहीतर प्रतिबल त्या कोपऱ्यात साचते आणि नमुना पदार्थाच्या गुणामुळे न तुटता आपल्या कातकामाच्या दोषामुळे तुटतो. १० मिमी व्यासाच्या नमुन्याची गेज लांबी, म्हणजे जिच्यातली वाढ मोजायची ती लांबी, व्यासाच्या पाचपट, म्हणजे ५० मिमी, घेतात आणि सरळ समांतर भाग निदान ५५ मिमी ठेवतात.

व्यास मायक्रोमीटरने मोजावा. समांतर भागावर तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात दोनदा. ही काळजी केवळ रीत म्हणून घ्यायची नसते. व्यास क्षेत्रफळात वर्ग होऊन येतो, त्यामुळे व्यासात एक टक्का चूक झाली की प्रतिबलात जवळजवळ दोन टक्के चूक होते. १० मिमीचा नमुना चुकून ९.९ मिमी धरला, तर २७० मेगापास्कलला यील्ड होणारे, म्हणजे कायमचे लांबू लागणारे, पोलाद कागदावर २७५ च्या पुढे जाते. किमान २७५ ची अट असेल, तर नापास माल एवढ्यावर पास होऊ शकतो.

यानंतर गेज लांबीच्या दोन टोकांना सेंटर पंचने हलक्या खुणा कराव्यात. मधल्या भागातही दर ५ मिमीवर खुणा करून ठेवल्या तर पुढे उपयोग होतो. तो कसा, ते तुटलेल्या तुकड्यांच्या वेळी कळेल. पदार्थ कडक किंवा ठिसूळ असेल तर पंच वापरू नये, कारण नमुना नेमका त्या खड्ड्यापासूनच तडकू शकतो. तेथे रंग लावून त्यावर बारीक रेघ मारणे बरे.

यंत्रावर

ही चाचणी ज्यावर करतात त्या सार्वत्रिक चाचणी यंत्राला सगळीकडे युटीएम म्हणतात. महाराष्ट्रातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत दिसणारी ही यंत्रे इचलकरंजी-मिरज पट्ट्यात बनलेली असतात. नमुना वरच्या जबड्यात पकडावा, तो लटकत असताना भाराचे माप शून्यावर आणावे आणि मगच खालचा जबडा आवळावा. दोन्ही जबडे आवळल्यावर शून्य केले, तर आवळण्यामुळे आलेला भार हिशेबातून नाहीसा होतो. नमुना जबड्यांच्या मध्यरेषेत उभा असावा. तिरका पकडला तर ओढण्याबरोबर तो वाकतोही आणि एका कडेला प्रतिबल वाढते. जबड्यांच्या दातांत टोकाचा पुरेसा भाग गेलेला असावा, नाहीतर चाचणीच्या मध्यात नमुना घसरतो आणि आलेखावर अशी पायरी उमटते की नवख्याला ती यील्ड वाटावी.

भार किती वेगाने वाढवावा यालाही मर्यादा आहे. पोलादासाठी लवचिक टप्प्यात, म्हणजे भार काढताच नमुना मूळ लांबीवर परत येतो तोवर, प्रतिबल दर सेकंदाला ६ ते ६० मेगापास्कल या वेगाने वाढवतात. आपल्या नमुन्याचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस मिमी आहे, म्हणून सेकंदाला १० मेगापास्कल हा वेग हवा असेल तर भार सेकंदाला साधारण ०.८ किलोन्यूटनने वाढला पाहिजे आणि यील्डपर्यंत पोचायला २७ सेकंदांच्या आसपास लागले पाहिजेत. घाईने ओढलेले पोलाद प्रत्यक्षाहून अधिक यील्ड दाखवते. दिवसाला बरेच नमुने उरकायचे असतात तेथे वेग वाढवण्याचा मोह होतो, पण एकाच मालाचे दोन प्रयोगशाळांतले आकडे जुळत नाहीत तेव्हा कारण बहुधा याच वेगात किंवा व्यासाच्या मापात सापडते.

डोळ्यांना संरक्षक चष्मा असल्याशिवाय यंत्रासमोर उभे राहू नये, आणि ठिसूळ नमुना असेल तर संरक्षक जाळी लावल्याशिवाय भार देऊ नये.

आलेख वाचणे

आडव्या अक्षावर विकृती आणि उभ्या अक्षावर प्रतिबल घेतले की एमएसचा आलेख सुरुवातीला एका अगदी चढ्या सरळ रेषेत वर जातो. अगदी तळाशी थोडा वाकलेला भाग दिसला तर तो पदार्थाचा नसून जबडे बसण्याचा आणि सांधे आवळले जाण्याचा असतो. तो सोडून द्यावा. या सरळ रेषेवर कोठेही भार काढला तर नमुना मूळ लांबीवर परत येतो. रेषेचा चढ म्हणजे यंग यांचा लवचिकता गुणांक, ज्याची कल्पना थॉमस यंग यांनी १८०७ साली मांडली. पोलादासाठी तो २०० ते २१० गिगापास्कल, ॲल्युमिनियमसाठी ७० गिगापास्कलच्या आसपास येतो.

येथे एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. १० किलोन्यूटन भाराला आपल्या नमुन्यात १२७ मेगापास्कल प्रतिबल येते आणि ५० मिमी लांबीत होणारी वाढ फक्त ०.०३१ मिमी असते, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. त्याच वेळी यंत्राचे खांब, जबडे आणि सांधे मिळून याच्या कितीतरी पट हललेले असतात. म्हणून यंत्राच्या आडव्या दांड्याची हालचाल हीच नमुन्याची वाढ समजून गुणांक काढला, तर पोलादाचे उत्तर ३०-४० गिगापास्कलसारखे काहीतरी भलतेच येते. गुणांक हवा असेल तर थेट नमुन्यावर बसवलेला, त्याचीच वाढ मोजणारा एक्स्टेन्सोमीटरच हवा, आणि यील्डचा टप्पा संपला की तो काढून ठेवावा, नाहीतर नमुना तुटताना तोही खराब होईल.

सुमारे २२ किलोन्यूटनवर, म्हणजे २८० मेगापास्कलला, आलेख एकदम अडखळतो. प्रतिबल किंचित खाली येते आणि २१.२ किलोन्यूटनच्या, म्हणजे २७० मेगापास्कलच्या, आसपास रेंगाळत राहते. नमुना मात्र लांबतच असतो. तबकडीच्या जुन्या यंत्रांवर काटा थबकलेला किंवा मागे आलेला स्पष्ट दिसतो. यालाच यील्ड म्हणतात, आणि वरचा व खालचा असे दोन आकडे असल्याने अहवालात आपण कोणता लिहिला ते नमूद करावे. गरम अवस्थेत लाटलेला, वरून खपली असलेला गज ओढत असाल तर या वेळी त्याच्याकडे नीट पाहावे: पृष्ठभागावरची खपली तडकून गळू लागते, आणि घासून चकचकीत केलेल्या चपट्या नमुन्यावर अक्षाशी साधारण ४५ अंशांचा कोन करणारे पट्टे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकताना दिसतात. पोलादातले कार्बन आणि नायट्रोजन यांचे अणू स्फटिकातल्या विस्थापनांना (अणूंच्या रचनेतल्या रेषीय दोषांना) धरून ठेवतात. पुरेसे प्रतिबल आले की ती सुटतात आणि घसरण एका भागातून शेजारच्या भागात पसरत जाते, म्हणून हे पट्टे उमटतात.

यील्डनंतर भार पुन्हा चढू लागतो. आता धातू कायमचा लांबतो आहे, पण लांबताना कडकही होतो आहे. या टप्प्यात, समजा ५ टक्के विकृती आणि ३५० मेगापास्कल प्रतिबल असताना, भार पूर्ण काढून पाहावा. चाचणी शिकणाऱ्याने हे एकदा तरी स्वतः करावेच. आलेख मूळ सरळ रेषेला समांतर खाली येतो, फक्त ०.१७ टक्के विकृती परत मिळते आणि ४.८३ टक्के कायम राहते. पुन्हा भार दिला की नमुना त्याच वाटेने वर जातो आणि या वेळी २७० ला न थांबता ३५० च्या आसपास यील्ड होतो. थंड अवस्थेत ओढलेला ब्राइट बार साध्या गजापेक्षा कडक का असतो याचे उत्तर येथेच आहे. प्रेसमध्ये वाकवलेला पत्रा डाय उघडताच थोडा परत का उघडतो, याचेही उत्तर हेच: परत मिळणारी विकृती म्हणजे प्रतिबल भागिले गुणांक. त्याच प्रतिबलाला ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादाच्या जवळजवळ तिप्पट उघडतो, म्हणून पोलादासाठी काढलेला डायचा कोन ॲल्युमिनियमला चालत नाही.

३४.६ किलोन्यूटनला, म्हणजे ४४० मेगापास्कलला, भार शिखर गाठतो. हे कमाल ताण-सामर्थ्य, ज्याला यूटीएस म्हणतात. तोपर्यंत नमुना सगळीकडे सारखा बारीक होत असतो. जेथे थोडा अधिक बारीक होईल तेथे धातू अधिक कडक होऊन स्वतःला सावरतो. शिखरानंतर कडक होण्याचा वेग बारीक होण्याच्या वेगाला पुरा पडत नाही, एकाच जागी मान पडू लागते आणि सगळी लांबण तेथेच एकवटते. आलेख खाली येतो म्हणून धातू कमजोर झाला असे मानू नये. आपला नमुना २५ किलोन्यूटनला तुटला आणि मानेचा व्यास ६.२ मिमी भरला, तर मूळ क्षेत्रफळावर काढलेले प्रतिबल ३१८ मेगापास्कल येते. पण त्या क्षणी मानेत उरलेले क्षेत्रफळ ३०.२ चौरस मिमीच होते, म्हणून तेथले खरे प्रतिबल ८२८ मेगापास्कलच्या घरात होते.

आलेखाखालचे क्षेत्रफळही वाचावे. यील्डपर्यंतचा चिंचोळा त्रिकोण म्हणजे दर एकक आकारमानात परत मिळू शकणारी ऊर्जा. आपल्या एमएससाठी ती घनमीटरला सुमारे ०.१८ मेगाज्यूल आहे. तुटेपर्यंतचे पूर्ण क्षेत्रफळ म्हणजे चिवटपणा, आणि तो ढोबळ हिशेबाने १०० मेगाज्यूलच्या पुढे जातो. स्प्रिंग करायची असेल तर पहिला आकडा महत्त्वाचा असतो. १२०० मेगापास्कल यील्डच्या स्प्रिंग-पोलादात तो एमएसच्या जवळजवळ वीसपट असतो. धक्का सोसून वाकावे पण तुटू नये अशी वस्तू करायची असेल तर दुसरा आकडा पाहावा.

तुटलेल्या तुकड्यांची तपासणी

एमएसचा नमुना तुटताना मोठा आवाज होतो आणि लगेच हात लावला तर मान कोमट लागते, कारण खर्च झालेल्या ऊर्जेचा बहुतेक भाग उष्णता झालेला असतो. एका तुकड्यावर वाटीसारखा खळगा आणि दुसऱ्यावर त्यात बसणारा सुळका दिसला तर तो तन्य, म्हणजे तुटण्यापूर्वी बराच ताणल्या जाणाऱ्या, धातूचा नेहमीचा तुटवा आहे. आतला करडा, खडबडीत भाग आधी फाटतो आणि कडेचा उतरता भाग शेवटी सरकून सुटतो.

दोन्ही तुकडे घट्ट जुळवून गेज खुणांमधले अंतर व्हर्नियरने मोजावे. ते ६४.५ मिमी भरले तर वाढ २९ टक्के, आणि मानेच्या व्यासावरून क्षेत्रफळातली घट सुमारे ६२ टक्के येते. वाढीचा आकडा गेज लांबीशिवाय लिहिणे निरर्थक आहे. समजा १८ टक्के वाढ सगळीकडे सारखी झाली आणि मानेने एकटीने ५.५ मिमी भर घातली. तर ५० मिमी लांबीवर एकूण २९ टक्के येतात, पण १०० मिमी लांबीवर त्याच पोलादाचे २३.५ टक्केच येतात. नमुना खुणेच्या अगदी जवळ तुटला तर मानेचा काही भाग मापाबाहेर जातो आणि वाढ खोटी कमी दिसते. दर ५ मिमीवर केलेल्या खुणा येथे उपयोगी पडतात, कारण तुटलेली जागा मध्यात येईल असे दोन्ही बाजूंचे भाग मोजून मानकात दिलेल्या रीतीने हिशेब करता येतो. खुणेच्या बाहेर तुटलेला आणि वाढीत नापास ठरलेला नमुना मात्र बाद धरून नवा घेणेच योग्य.

जेथे यील्ड दिसतच नाही

ॲल्युमिनियम, तांबे, स्टेनलेस पोलाद आणि बहुतेक उष्णोपचारित पोलादे यांचा आलेख न अडखळता हळूहळू वळतो. तेथे आडव्या अक्षावर ०.२ टक्के विकृतीपाशी, म्हणजे ५० मिमी गेज लांबीवर ०.१ मिमी वाढीपाशी, खूण करून सुरुवातीच्या रेषेला समांतर रेषा काढतात. ती आलेखाला छेदते तेथले प्रतिबल प्रूफ स्ट्रेस म्हणून लिहितात.

ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा, आलेख याहून वेगळा असतो: मान पडत नाही, वाढ एक टक्क्याच्याही आत राहते आणि तुटलेला पृष्ठभाग सपाट व काळपट असतो. कोल्हापूर भागातल्या फाउंड्रीत रोज ओतल्या जाणाऱ्या एफजी २६० या प्रतीच्या नावातला आकडा तिचे किमान ताण-सामर्थ्य मेगापास्कलमध्ये सांगतो. तेच बीड दाबले तर तीन-चार पट प्रतिबल सोसते, कारण त्यातल्या ग्राफाइटच्या पाकळ्या ओढताना चिरांसारख्या उघडतात आणि दाबताना मिटतात. म्हणून लेथचा बेड बिडाचा चालतो, पण ओढ सोसणारा हूक बिडाचा करत नाहीत. फळ्यावरचा खडू दोन्ही हातांनी पिळून पाहा. तो ४५ अंशांच्या मळसूत्री रेषेत तुटतो, कारण पिळताना सर्वाधिक ओढ त्या दिशेला काटकोनात असते आणि ठिसूळ पदार्थ ओढीलाच हार जातो. एमएसचा गज पिळून तोडला तर तो अक्षाशी काटकोनात सपाट तुटतो, कारण तो सरकून सुटतो.

टीएमटी सळईची चाचणी

बांधकामाच्या सळया आयएस १७८६ प्रमाणे तपासतात आणि येथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, सळई कातून बारीक करायची नाही. पाण्याच्या फवाऱ्याने कडक केलेला थर बाहेरच असतो आणि तो कातून टाकला तर उरलेला मऊ गाभा म्हणजे ती सळईच नव्हे. दुसरी, पृष्ठभागावरच्या कंगोऱ्यांमुळे व्यास मोजून क्षेत्रफळ मिळत नाही, म्हणून ते वजनावरून काढतात: किलोग्रॅममधले वजन भागिले ०.००७८५ आणि मीटरमधली लांबी यांचा गुणाकार. १२ मिमी सळईचा अर्ध्या मीटरचा तुकडा ०.४३७ किलो भरला तर क्षेत्रफळ १११.३ चौरस मिमी येते.

आता अशा दोन सळया घ्याव्यात, ज्या दोन्ही ६० किलोन्यूटनला, म्हणजे ५३९ मेगापास्कलला, यील्ड होतात. पहिली ७० किलोन्यूटनपर्यंत चढते आणि १८ टक्के लांबते, दुसरी ६५.५ ला थांबते आणि १४ टक्के लांबते. यील्डचा आकडा तेवढा पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतील. एफई ५०० या प्रतीसाठी किमान १२ टक्के वाढ पुरेशी असल्याने दुसरी तेथे पास होते, पण एफई ५००डी साठी १६ टक्के वाढ आणि यूटीएस व यील्ड यांचे किमान १.१० गुणोत्तर लागते. दुसऱ्या सळईचे गुणोत्तर १.०९ येते आणि ती दोन्ही अटींत नापास होते. हा फरक कागदी नाही. भूकंपात काँक्रीटला तडा जातो तेथे सळई आधी यील्ड होते. ती पुढे पुरेशी कडक होत गेली तर लांबण शेजारच्या भागात पसरते, नाहीतर ती त्याच तड्यात साचत जाऊन सळई तेथेच तुटते.

निवड करताना आणि अहवाल लिहिताना

शॉपमध्ये वारंवार ऐकू येणारी एक मागणी अशी: शाफ्ट फार लवतो, म्हणून एमएसऐवजी ईएन २४ (एक मिश्र पोलाद) घ्या. हे चुकीचे आहे. ईएन २४ चे यील्ड एमएसच्या कितीतरी वर आहे, पण सुरुवातीच्या रेषेचा चढ दोघांचाही जवळपास एकच आहे, आणि यील्डच्या आत असताना लवणे त्या चढावरच ठरते. लवणे कमी करायचे असेल तर व्यास वाढवावा किंवा बेअरिंगांमधले अंतर कमी करावे. गोल शाफ्टचा व्यास दहा टक्क्यांनी वाढवला तर त्याच भाराला तो सुमारे एक तृतीयांशाने कमी लवतो. शाफ्ट कायमचा वाकत असेल तेव्हा मात्र ईएन २४ हेच उत्तर आहे. त्याचप्रमाणे खोल ओढकाम करायचा पत्रा निवडताना जास्त यील्ड मागू नये. तेथे यील्ड कमी, मान पडण्यापूर्वीची एकसारखी वाढ जास्त आणि यील्डनंतरचा चढ चांगला हवा.

ताण-चाचणी करणे शक्य नसेल तेव्हा साध्या पोलादाच्या ब्रिनेल कठीणतेला ३.४५ ने गुणून यूटीएसचा मेगापास्कलमधला अंदाज काढता येतो. तो अंदाज मालाची सरमिसळ ओळखण्यापुरता वापरावा, प्रमाणपत्रात लिहू नये. खाच पडलेल्या भागावर थंडीत बसणारा आघात आणि लाखो वेळा येणारा-जाणारा भार यांविषयी ताण-चाचणी काहीच सांगत नाही. त्यासाठी अनुक्रमे शार्पी आणि थकवा या चाचण्या वेगळ्या कराव्या लागतात.

अहवालात हीट नंबर (पोलाद ज्या ओतीतले आहे तिचा क्रमांक), नमुना कोणत्या दिशेने काढला, मोजलेला व्यास किंवा वजन, गेज लांबी, भाराचा वेग, यील्ड वरचे की खालचे की ०.२ टक्के प्रूफ, यूटीएस, वाढ, क्षेत्रफळातली घट आणि तुटण्याची जागा एवढे असावे. लाटलेल्या पत्र्यात लाटण्याच्या दिशेचा आणि आडव्या दिशेचा आकडा वेगळा येतो, म्हणून दिशेची नोंद सोडू नये. तुटलेले तुकडे नंबर टाकून, अहवाल मंजूर होईपर्यंत सांभाळून ठेवावेत.